एक मोल म्हणजे किती?

'मोल' हा शब्द कानावर पडतांच आपल्या मनांत किंमतीचा विचार येतो. अनमोल, कवडीमोल, मोलमजुरी, मोलकरीण हे सारे शब्द त्याच कुळांतले. परंतु आज मी ज्या मोलाविषयीं बोलणार आहें त्याचा किंमतीशीं कांहीं संबंध नाहीं. हा मोल रसायनशास्त्रांतला. एका जर्मन भाषिक पंडितानें रेणु ह्या अर्थाच्या आपल्या भाषेंतील शब्दाचें शेपूट तोडून तो तयार केला, आणि तो आपल्याकडे आला तेव्हां त्याच्याच नांवाचा एक जुना शब्द येथें घर करून बसलेला होता. एकाच नांवाचीं दोन माणसें एका वाडींत राहूं लागलीं म्हणजे टपालवाल्याचे जे हाल होतात, तेच नववीच्या विद्यार्थ्यांचे ह्या शब्दापायीं होतात. एकदां वर्गांत मीं फळ्यावर '१८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल पाणी' असें लिहिलें, तेव्हां मागच्या बांकावरच्या एका मुलानें उठून विचारलें, "गुरुजी, आमच्या वाडींत पाण्याचें मोल कोणी घेत नाहीं. मग हें द्यायचें कोणाला?" वर्ग हंसला, मीही हंसलों, आणि उत्तर न देतां पुढल्या ओळीकडे वळलों.

उत्तर कां दिलें नाहीं तें सांगायला आतां हरकत नाहीं. मला तें येत नव्हतें. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों. माझे विषय मराठी आणि अंकगणित. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले कीं त्यांचा तास माझ्याकडे येई, आणि द्रव्याच्या मोजमापाचें तें प्रकरण नेमकें गणपतीच्या सुमारास निघत असे. त्या दिवसांत कोंकणांतला कोणता शिक्षक आपल्या गांवीं जात नाहीं? मी पुस्तकांतलें वाचून दाखवीत असें, मुलें तें पाठ करीत, परीक्षेंत त्यांना गुणही मिळत. पाठ झालेली गोष्ट कळलेली असते असा एक गोड समज आम्हां शिक्षकांत फार जुना आहे. ह्या अज्ञानाची वसुली पुढें एका विहिरीनें माझ्याकडून केली. म्हणून आजचा विषय मी प्रयोगशाळेंतून न काढतां विहिरींतून काढणार आहें.

आमची वाडी महाड आणि पोलादपूर ह्यांच्या दरम्यान, सावित्रीच्या खोऱ्यांत. महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावून सावित्री पोलादपूरवरून महाडास येते, तेथें तिला गांधारी मिळते, आणि पुढें ती बाणकोटच्या खाडींतून समुद्रास जाते. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत ह्या खोऱ्यावर जें संकट आलें तें आपण वर्तमानपत्रांतून वाचलें असेल. २२ जुलैला महाड शहर पाण्याखालीं होतें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्या मानानें आमच्या वाडीचें नुकसान सांगण्याजोगें नव्हतें. गोठे वाहून गेले, भाताचे दाढ गेले, आणि पिण्याच्या विहिरींत गोठ्यांचें, उकिरड्यांचें व गटारांचें पाणी शिरून ती तुडुंब भरली. रस्ते बंद असल्यामुळें टँकर येण्याची आशा नव्हती. पंचायतीनें टी.सी.एल. पावडरीचें, म्हणजे ज्याला शहरांत ब्लीचिंग पावडर म्हणतात तिचें, एक पोतें दिलें, आणि 'गुरुजी, हिशेबाचें काम तुमचें' म्हणून वाडीनें तें माझ्या गळ्यांत घातलें.

हिशेब मला अवघड वाटला नाहीं. दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम पावडर, हें प्रमाण आरोग्यखात्याच्या माणसांच्या तोंडीं असतें. दोरीला दगड बांधून खोली मोजली, ती ३.२ मीटर भरली. विहिरीचा व्यास ४ मीटर. ह्यावरून पाणी सुमारें ४०,००० लिटर आणि पावडर १०० ग्रॅम. वाण्याच्या कांट्यावर शंभर ग्रॅम तोलून घेतली, बादलींत कालवली, चुना तळाशीं बसूं दिला, वरचें निवळलेलें पाणी दुसऱ्या बादलींत घेऊन ती विहिरींत खालींवर केली. सारें विधिपूर्वक. तासाभरानें कुपींत पाणी घेऊन तपासणीचें औषध थेंबभर घातलें. पाण्यांत मोकळा क्लोरीन शिल्लक असेल तर ह्या औषधानें पिवळा रंग तत्काळ चढतो. आमच्या कुपींत तो चढला नाहीं. बऱ्याच वेळानें किंचित् पिवळसर झांक आली, एवढेंच. दुसऱ्या दिवशीं आणखी शंभर ग्रॅम टाकली, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तोच, आणि त्या संध्याकाळीं वाडींतल्या दोन मुलांना जुलाब सुरू झाले. मीं पावडरीला दोष दिला. आमच्या घरांतून मात्र पाणी उकळून घेण्याचा हुकूम पहिल्याच दिवशीं निघाला होता. त्यांचा माझ्या गणितावर पूर्वींपासून विश्वास बेताचाच.

चौथ्या दिवशीं माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. महाडच्या औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत ती नोकरीस आहे; पुरामुळें काम बंद होतें, म्हणून माहेरीं आली होती. माझा हिशेब तिनें पाहिला आणि म्हणाली, "गुरुजी, आपण पावडर तोलली, तें ठीक. पण ह्या पाण्यांत क्लोरीन खाणारे किती आहेत, तें कोठें मोजलें आहे? आणि खाणारे तोलून चालत नाहींत. पंगतीला डोकीं मोजावीं लागतात." बाटलीभर पाणी घेऊन ती गेली, आणि दुसऱ्या दिवशीं एका चिठ्ठीवर एक आंकडा आणला : अमोनिया, दर लिटरास १.७ मिलिग्रॅम. मग माझ्याच ओटीवर बसून तिनें मला तें शिकवलें, जें मीं तिला नववींत शिकवल्याचा आव आणला होता.

तें असें. आपल्याकडे पूजेला विडे मांडतात. एका विड्यास दोन पानें आणि एक सुपारी. आतां बाजारांत जाऊन अर्धा किलो पानें व अर्धा किलो सुपारी आणली तर विडे बरोबर होतील काय? समजा, एक पान २ ग्रॅमचें आणि श्रीवर्धनची चांगली रोठा सुपारी ८ ग्रॅमची आहे. अर्धा किलोंत पानें होतात २५०, आणि सुपाऱ्या जेमतेम ६२. बासष्ट विडे झाल्यावर सुपारी संपते आणि निम्म्याहून अधिक पानें तशींच उरतात. अडीचशें पानांना पुरी पडायला एक किलो सुपारी हवी. म्हणजे मोजून पाहिलें तर पानें सुपारीच्या दुप्पट, आणि तोलून पाहिलें तर सुपारी पानांच्या दुप्पट! दोन्ही खरें आहे. परंतु विडा बांधतांना पहिल्या प्रमाणाला महत्त्व, बाजार करतांना दुसऱ्याला.

रसायनांचें अगदीं असेंच आहे. पदार्थ एकमेकांशीं संयोग पावतात ते रेणूमागें रेणु, म्हणजे संख्येनें. आपल्या हातांत मात्र तराजू असतो. तो संख्या दाखवीत नाहीं, वजन दाखवतो. संख्येच्या भाषेंतून वजनाच्या भाषेंत आणि वजनाच्या भाषेंतून संख्येच्या भाषेंत नेणारा जो दुभाषी, त्याचें नांव मोल. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा मोल म्हणजेही एक ठराविक संख्याच. केळ्यांचा डझन आणि नारळांचा डझन ह्यांचें वजन सारखें नसतें, परंतु नग सारखे असतात. तसेंच एक मोल पाणी १८ ग्रॅम, एक मोल मीठ साडेअठ्ठावन ग्रॅम, आणि एक मोल साखर ३४२ ग्रॅम भरते.

येथें कोणीही शहाणा श्रोता विचारील कीं डझन केळीं मोजून घेतां येतात; रेणु कोणी मोजले? ह्या प्रश्नावरच मी इतकीं वर्षें अडलों होतों. ह्याचें उत्तर भाताच्या कणगींत आहे. भातावर संशोधन करणारे लोक पोत्यांतले दाणे मोजीत बसत नाहींत. ते एकदांच हजार दाणे मोजून त्यांचें वजन करून ठेवतात. समजा, एका बारीक जातीच्या हजार दाण्यांचें वजन १५ ग्रॅम आणि एका जाड्या जातीच्या हजार दाण्यांचें २५ ग्रॅम आहे. मग ३ किलो बारीक भात आणि ५ किलो जाडें भात ह्यांतील दाण्यांची संख्या तंतोतंत सारखी असलीच पाहिजे. हिशेब केला तर ती दोन लक्ष निघते. पण गंमत पुढेंच आहे. हजार दाणे मोजलेच नाहींत, आणि एक दाणा दुसऱ्याच्या मानानें तीनास पांच ह्या प्रमाणांत जड आहे एवढेंच कळलें, तरीसुद्धां तीन किलो आणि पांच किलो ह्यांत दाणे सारखे, हें आपण छातीठोकपणें सांगूं शकतों. किती आहेत तें ठाऊक नसून सारखे आहेत हें ठाऊक असूं शकतें! मोलाचें सारें रहस्य ह्या एका वाक्यांत आहे, आणि तेंच नेमकें आमच्या वर्गांत कधीं बोललें गेलें नाहीं.

रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांत हेंच केलें. अणु डोळ्यांना दिसत नव्हते, मोजतां येत नव्हते. परंतु कोणता अणु कोणाच्या किती पट जड, हें त्यांनीं चिकाटीनें शोधून काढलें. सर्वांत हलका हायड्रोजन १ धरला तर ढोबळ मानानें कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६ आणि क्लोरीन साडेपस्तीस भरतो. हे आंकडे ग्रॅम नव्हेत, नुसतीं प्रमाणें आहेत. त्यांच्यापुढें आपण 'ग्रॅम' हा शब्द लावला, म्हणजे १२ ग्रॅम कार्बन घेतला आणि १४ ग्रॅम नायट्रोजन घेतला, कीं दोहोंतल्या अणूंची संख्या सारखी झाली. जी सारखी झाली तिलाच मोल म्हणावयाचें. संख्या कळण्यापूर्वींच तिला नांव मिळालें. पाळण्यांत घालण्याआधींच बारसें!

ह्या कथेंतील मुख्य पुरुष इटलींतला. अमेदेओ अव्होगॅड्रो ह्याचें मूळ शिक्षण कायद्याचें. १८११ सालीं त्यानें असें प्रतिपादन केलें कीं उष्णता आणि दाब सारखे असतां कोणत्याही वायूंच्या सारख्या आकारमानांत रेणूंची संख्या सारखीच असते. जवळजवळ पन्नास वर्षें त्याच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८५६ सालीं तो वारला, आणि १८६० सालीं जर्मनींतील कार्ल्सरूह येथें रसायनशास्त्रज्ञांची जी परिषद भरली तीत कानिझारो ह्या त्याच्याच देशबंधूनें त्याचा सिद्धान्त पुढें मांडला, तेव्हां कोठें जगाचे डोळे उघडूं लागले. आज त्या संख्येला अव्होगॅड्रोचें नांव आहे, परंतु ती किती हें त्याला जन्मभर ठाऊक नव्हतें. पहिला अंदाज १८६५ सालीं ऑस्ट्रियांतील लोश्मिट ह्यानें रेणूचा आकार काढून बांधून दिला.

खात्रीचें मोजमाप केलें तें फ्रान्सच्या ज्याँ पेरँ ह्यानें, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. त्यानें एका पिवळ्या डिंकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत सोडले आणि तळाशीं किती, वर किती, हें सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष मोजलें. डोंगर चढतांना हवा विरळ होत जाते तसे हे कणही वर विरळ होत जातात, आणि त्या विरळ होण्याच्या प्रमाणावरून मोलांतली संख्या काढतां येते. १९२६ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कोंकणच्या माणसाला ह्यांत विशेष वाटावें अशी एक गोष्ट आहे : तो पिवळा डिंक आपल्या रातांब्याच्याच कुळांतल्या एका झाडाचा. आणि ज्यानें 'मोल' हा शब्द चालू केला तो ओस्टवाल्ड स्वतः मात्र अणूंचें अस्तित्व मानायला कित्येक वर्षें तयार नव्हता. ज्याचें अस्तित्वच मान्य नाहीं त्याच्या गणतीला ह्या सद्गृहस्थानें नांव दिलें! पेरँसारख्यांचे प्रयोग पाहून पुढें त्यानें आपला हट्ट सोडला, हें त्याच्या मोठेपणास शोभलें.

आतां ती संख्या. ६०२२१४०७६ हा आंकडा लिहून त्यापुढें पंधरा शून्यें द्यावींत. हिला नांव कोणतें द्यावें? भास्कराचार्यांच्या लीलावतींत एक, दहा, शंभर अशा चढत्या संज्ञा दिल्या आहेत, त्यांतील शेवटची परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यें. आपल्या पूर्वजांच्या कल्पनेची धांव पाहून आपण थक्क होतों. परंतु एका मोलांत असे परार्ध साठ लक्ष बावीस हजार एकशें चाळीस, आणि वर कांहीं. तांदळाच्या भाषेंत सांगावयाचें तर, एक दाणा २० मिलिग्रॅमचा धरला आणि सबंध जगांत दरसाल सुमारें पन्नास कोटी टन तांदूळ होतो असें धरलें, तर एक मोल दाणे पिकवायला दोन कोटींहून अधिक वर्षें लागतील. तितकेच रेणु आपल्या ताटाजवळच्या पेल्यांतल्या १८ ग्रॅम पाण्यांत, म्हणजे एका घोटांत, असतात. ह्यावरून तांदूळ किती मोठा ह्यापेक्षां रेणु किती लहान हें कळतें. म्हणूनच तांदूळ, माणसें, तारे असल्या गोष्टी मोलानें कोणी मोजीत नाहीं.

वजनेंमापें ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९७१ सालीं मोलाला मीटर, किलोग्रॅम, सेकंद ह्यांच्या पंगतींत सातवें मूलभूत एकक म्हणून बसवलें. तेव्हांची व्याख्या अशी होती कीं कार्बन-१२ ह्या जातीच्या १२ ग्रॅम कार्बनांत जितके अणु, तितक्या कणांचा एक मोल. म्हणजे संख्या ग्रॅमवर अवलंबून, आणि ग्रॅम अवलंबून पॅरिसजवळ कुलुपांत ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावर! ठोकळा झिजला कीं मोलही हलला. पुढें शुद्ध सिलिकनचा सुमारें एक किलो वजनाचा, अत्यंत गुळगुळीत गोळा घडवून, त्यांतले अणु इतक्या कांटेकोरपणें मोजण्यांत आले कीं संख्याच कायमची ठरवून टाकणें शक्य झालें. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे मीं वर सांगितलेली संख्या, तीत एकही कमी नाहीं कीं जास्त नाहीं. आपल्या विहिरीच्या हिशेबाला त्यानें कांहीं फरक पडत नाहीं. शाळेच्या पुस्तकांत मात्र पडावा. डझन म्हणजे बारा हें जितक्या सरळपणें सांगतां येतें तितक्याच सरळपणें मोल आतां सांगतां येतो.

तर आतां त्या चिठ्ठीकडे वळूं. अमोनियाच्या रेणूंत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. वजन १४ आणि ३ मिळून १७. म्हणून अमोनियाचा एक मोल १७ ग्रॅमचा. क्लोरीनच्या रेणूंत दोन अणु. वजन ७१, म्हणून त्याचा एक मोल ७१ ग्रॅमचा. अमोनियाचा पुरता निकाल लावून त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन वायु करावयाचा तर त्याच्या दर दोन रेणूंमागें क्लोरीनचे तीन रेणु खर्च होतात. हा झाला विडा : दोन पानें आणि तीन सुपाऱ्या. क्लोरीन पाण्यांत पडल्यावर मूळच्या वायुरूपांत राहत नाहीं हें खरें, परंतु त्यामुळें ह्या हिशेबास बाध येत नाहीं.

आमच्या विहिरींत ४०,००० लिटर पाणी आणि दर लिटरास १.७ मिलिग्रॅम अमोनिया. गुणाकार केला तर ६८ ग्रॅम अमोनिया. सत्राचा भाग दिला : ४ मोल. चार मोलांना दोनास तीन ह्या प्रमाणानें क्लोरीन हवा ६ मोल. एकाहत्तरनें गुणलें : ४२६ ग्रॅम. ताज्या टी.सी.एल. पावडरींत उपयोगी पडणारा क्लोरीन सुमारें एक तृतीयांश असतो, म्हणून पावडर हवी पावणेतेराशें ग्रॅमच्या आसपास. मीं टाकली होती शंभर ग्रॅम! तीत क्लोरीन ३३ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या मोलाहूनही थोडा कमी. सहा मोलांची पंगत बसलेली, आणि वाढप्याच्या हातांत अर्ध्या मोलाची परात. तीन दिवस मिळून दीड मोल वाढला, आणि तितकें सारें अमोनियानें गट्ट केलें. जंतूंच्या वांट्याला मोकळा क्लोरीन आलाच नाहीं.

कुपींत बऱ्याच वेळानें जी पिवळसर झांक येत होती तिचाही उलगडा ह्यांतच झाला. क्लोरीन अपुरा असला म्हणजे तो अमोनियाला चिकटून राहतो. अशा बांधलेल्या क्लोरीनचा रंग औषधानें सावकाश चढतो, आणि त्याची जंतु मारण्याची शक्तिही मोकळ्या क्लोरीनच्या मानानें फार मंद असते. ती झांक पाहून मी मनांत 'थोडें तरी काम झालें' असें समाधान मानीत होतों!

दर लिटरास पावणेदोन मिलिग्रॅम म्हणजे काय हो, चिमटीलाही येणार नाहीं, असें मी तिला म्हणालों. तिनें पेन्सिल माझ्या हातांत दिली. १.७ मिलिग्रॅम म्हणजे मोलाचा दहा हजारावा भाग. तेवढ्यांत रेणु किती? सहाशें दोन परार्ध, आणि ते एका लिटरांत. मग मी गप्प राहिलों.

वजनावर विसंबण्यांत दुसराही एक धोका आहे, तो तिनें आपल्या कामांतलाच सांगितला. कारखान्यांच्या सांडपाण्यांत आम्लें असतात. तीं नदींत सोडण्यापूर्वीं चुन्यानें मारावीं लागतात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन मोलांना, म्हणजे ७३ ग्रॅमना, विरी गेलेला चुना एक मोल, म्हणजे ७४ ग्रॅम लागतो. जवळजवळ वजनास वजन! हें पाहून एखादा कामगार 'जितकें आम्ल तितका चुना' असा नियम बांधून बसतो. पण गंधकाम्लाच्या एका मोलाला, म्हणजे ९८ ग्रॅमना, तोच ७४ ग्रॅम चुना पुरतो. तेथें वजनास वजन चुना घातला तर पाणी दुसऱ्या टोकाला जाऊन दाहक होतें. पहिल्या ठिकाणीं नियम बरोबर ठरला तो योगायोगानें, आणि योगायोगानें बरोबर आलेलें गणित चुकलेल्या गणितापेक्षां अधिक फसवें असतें, हें अंकगणिताच्या शिक्षकाला तरी कोणी सांगायला नको.

"मग सव्वा किलो पावडर टाकूं?" मीं विचारलें. ती म्हणाली, "टाकतां येईल, गुरुजी, पण गाळ आणि पालापाचोळा आपला वांटा घेतील तो वेगळा, पाण्याला वास येईल, लोक पिणार नाहींत. शिवाय हें पोतें किती दिवस उघडें आहे?" पोत्याचें तोंड पहिल्या दिवसापासून उघडें होतें, आणि श्रावणाच्या उंबरठ्यावरच्या कोंकणच्या हवेंत टी.सी.एल. किती लवकर नासते तें आपण जाणतां. ओल लागली कीं तिच्यांतला क्लोरीन उडून जातो आणि हातांत नुसता चुना उरतो. "त्यापेक्षां खाणारेच बाहेर काढूं. अमोनिया पाण्याबरोबर निघून जाईल."

म्हणून विहीर उपसायचें ठरलें. वाडींत डिझेलवर चालणारा पंप एकाकडेच होता, आणि तो म्हणजे मागच्या बांकावरचा तोच मुलगा, आतां तीन मुलांचा बाप. दिवसभर उपसा चालला; संध्याकाळीं दोघेजण दोरानें उतरले आणि तळाचा गाळ घमेल्यांनीं वर काढला. आषाढाचे झरे ते. सकाळपर्यंत विहीर निम्म्याच्या वर आली. ती पुन्हां एकदां उपसली, आणि तिसऱ्या दिवशींच्या पाण्याचा नमुना घेऊन विद्यार्थिनी महाडास गेली. येतांना तिनें नवें, तोंड बंद असलेलें पावडरीचें पाकीट आणलें, आणि चिठ्ठीही : अमोनिया आतां नांवालाच होता. पाणी ह्या वेळीं २.४ मीटर, म्हणजे सुमारें ३०,००० लिटर. मीं पंचाहत्तर ग्रॅम पावडर तोलली. तासाभरानें औषधाचा थेंब टाकतांच पिंवळा रंग चढला तो तत्क्षणीं.

जुलाब झालेलीं दोन्ही मुलें तोंवर बरीं झालीं होतीं. सरकारी दवाखान्यांतली मीठसाखरेची पुडी त्यांना लागू पडली. पोत्यांतली जुनी पावडर आम्हीं गटारांवर टाकून संपवली. पंपवाला पैसे घ्यायला तयार होईना. मीं फारच आग्रह केला तेव्हां म्हणाला, "डिझेलचे तेवढे द्या, गुरुजी. आणि त्या दिवशीं विचारलें होतें त्याचें उत्तर द्या." मीं त्याला तेथेंच विहिरीच्या कठड्यावर बसवून पानांची आणि सुपारीची गोष्ट सांगितली. त्याला ती लगेच कळली. विड्यांचा हिशेब तो माझ्यापेक्षां चांगला जाणतो. त्याच्या बायकोचें पोलादपूरच्या बाजारांत पानांचें दुकान आहे.